मागच्या खोलीत आता रेंज येते

प्रिय वन्सं,

'वन्सं' म्हटलं की तू चिडतेस, म्हणून मुद्दाम म्हटलं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू शाळेतून आलीस की दप्तर माझ्या अंगावर फेकून खेळायला पळायचीस. आईंनी मला बजावलं होतं, नणंद वयानं लहान असली तरी मानानं मोठी, वन्सं म्हणायचं. मी म्हटलं, आणि तू मागे वळून बघितलंस, ही कुणाला हाक मारतेय म्हणून. तेव्हापासून आपलं जमलं.

पत्र बघून घाबरू नकोस. सगळे ठीक आहेत, म्हणजे आम्ही दोघं ठीक आहोत. सगळे म्हणायला आता आहे कोण. फोनवर का नाही बोलले म्हणशील, तर तुझा फोन येतो तुझ्या दादाच्या मोबाइलवर, तो धरतो तुझा दादा, आणि मला बोलायचंय ते त्याच्याचबद्दल. मेसेज केला असता तर अर्धाच वाचून तू त्याला फोन लावला असतास. तुला दम कुठाय! पत्राला लगेच उलट उत्तर देता येत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

तू पाठवलेलं ते वायफायची रेंज वाढवायचं यंत्र मिळालं, लागलं, चालतंय. चित्र किती स्वच्छ येतं ते तू रोज बघतेसच. पण तुझ्या दादानं तुला एक गोष्ट सांगितली नसेल, कारण ती त्याच्या लक्षातच आलेली नाही. ते यंत्र लागल्यापासून तो संध्याकाळी बाहेरच्या खोलीत येत नाही. दिवसभरात तो एकदाच माझ्याजवळ येऊन बसायचा, तुझ्या फोनसाठी. आता त्याला यायची गरज उरली नाही. खरं तर एवढंच सांगायचं होतं. पण एवढंच लिहिलं तर तू म्हणशील, वहिनी, एवढ्याशा गोष्टीसाठी तू पोस्टात गेलीस? म्हणून पहिल्यापासून सांगते.

तू या घरातून परदेशी गेलीस तेव्हा इंटरनेट नव्हतं, त्यामुळे त्याच्या खोड्या तुला माहीत नाहीत. तार गॅलरीतून आत येते, म्हणून राउटर बाहेरच्या खोलीत, माझ्या शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर. तिथं बसलं की सगळं फर्स्टक्लास. स्वयंपाकघरात बरं, आमच्या झोपायच्या खोलीत चालून जातं, बाथरूमच्या दारापर्यंत कसंबसं, आणि त्यापुढे आईंच्या मागच्या खोलीत शून्य. मधल्या भिंतीत पाण्याचे पाइप आहेत, त्यांनी अडतं म्हणे. मोबाइलची रेंज तर त्या खोलीला कधी ठाऊकच नव्हती. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची उंच पाठ. आई म्हणायच्या, या खोलीत देवाचासुद्धा फोन लागत नाही, म्हणून तर मी अजून इथं आहे.

चाकाच्या खुर्चीत बसता येत होतं तोवर आम्ही त्यांना तुझ्या फोनसाठी बाहेर आणायचो. त्या आधी माझ्याकडून केस विंचरून घ्यायच्या, आणि तू दिसलीस की पहिलं वाक्य ठरलेलं, वाळलीस गं. तू काही वाळली नव्हतीस, चांगली गुबगुबीत झाली होतीस, पण त्यांना कोण सांगणार. पुढे त्यांना उठवणं बंद झालं. मग मी फोन घेऊन दारात उभी राहायचे, अर्धी आत, अर्धी पॅसेजमध्ये, हात लांब करून. तुझा आवाज तुटक यायचा, चित्र अडकायचं. शेवटच्या आठवड्यातला तो फोन तू विसरली नसशील. चित्र अडकलं ते नेमकं आईंचे डोळे मिटलेले आणि तोंड उघडं असताना. तू तिकडे किंचाळलीस. इकडे आई तोंड उघडून माझ्या चमच्याची वाट बघत होत्या. मी घसा फोडून सांगतेय, अगं आहेत, पाणी पितायत, आणि तुला काही ऐकू जात नव्हतं.

तेव्हा तू हे यंत्र का पाठवलंस ते मला कुणी समजावून सांगायला नको. तू दादाला म्हणालीस, आईच्या वेळीच सुचायला हवं होतं. मी शेजारी बसून एका पँटची तुरपाई करत होते. मला वाटलं तुला सांगावं, सुचलं असतं तर तू जास्त स्वच्छ बघितलं असतंस एवढंच, आणि ते बघण्यासारखं नव्हतं. पण हे त्याच्यासमोर कसं म्हणणार. मी दोरा तोडला आणि दुसरा पाय शिवायला घेतला.

आता आई गेल्यानंतरचं. तू आलीस, राहिलीस, तोवर घर माणसांनी भरलेलं होतं, काही कळलं नाही. तू गेल्यावर मी माझी उशी मागच्या खोलीतून उचलून आमच्या झोपायच्या खोलीत आणली. आई अंथरुणाला खिळल्यापासून मी त्यांच्याच खोलीत खाली गादी घालून झोपत होते ना, इतकी वर्षं, आणि तुझा दादा एकटा इकडे. मला वाटलं, चला, आता आपल्या जागेवर जायचं. मी आले, आणि त्याच आठवड्यात तुझा दादा त्याची उशी काखेत मारून मागच्या खोलीत गेला. तिथं वारा चांगला येतो म्हणाला. त्या खिडकीतून वारा! पॅसेजमध्ये समोरासमोर आलो तेव्हा त्यानं बाजूला होऊन मला वाट दिली. जन्मभर बस डेपोत गाड्या कधी सुटल्या आणि कधी आल्या ते लिहिलं त्यानं. एक गाडी आत आली की दुसरी बाहेर काढायची, एवढं त्याला बरोबर कळतं.

वहिनी रडली का, असं तू त्याला विचारत असतेस, ते मी ऐकलंय. नाही रडले. शेजारच्या बाईपण म्हणाल्या, एकदा मोकळी हो. पण मी काही धरून ठेवलेलं नाही गं. आत शोधायला गेलं तर काही सापडतच नाही. दातवाल्यानं भूल दिल्यावर आपल्याच गालाला हात लावावा आणि गाल दुसऱ्या कुणाचा वाटावा, तसं आहे. कामं चालू आहेत. पँटची लांबी कमी करते, चेन बदलते, शाळेच्या कपड्यांच्या शिवणी उसवून मोकळ्या करते, पोरं भराभर वाढतात. चाकाची खुर्ची एका दवाखान्यात देऊन टाकली, पलंग तेवढा ठेवला. फक्त आईंची कूस बदलायची वेळ झाली की पाय आपोआप मशीनवरून निघतो. उठते, पॅसेजमध्ये जाते, आणि बाथरूमपाशी पोचल्यावर आठवतं. मग उगाच आलो असं वाटायला नको म्हणून हात धुते आणि परत येते. दिवसातून इतक्यांदा हात धुते की साबण पुरत नाही. मागच्या खोलीत मात्र पाऊल टाकवत नाही. तुझ्या दादाचा चहा दाराबाहेर स्टुलावर ठेवते, कप बशीवर वाजवते, आणि येते.

राहिलं बोलणं. तू याच घरात वाढलीस, त्यामुळे तुला त्यात वेगळं काही दिसणार नाही, पण बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो आम्हाला वेड्यात काढेल. तुझा दादा आणि मी कधी एकमेकांशी सरळ बोललोच नाही. भांडण म्हणून नव्हे, पद्धतच तशी पडली. मी नवीन आले तेव्हा त्याला लाज वाटायची, मला त्याच्याहून जास्त, आणि मध्ये आई असायच्या. आई, हिला सांग, उद्या मला लवकर निघायचंय. आई, यांना विचारा, डबा द्यायचा का. जेवायला दोघं आईंच्या दोन हातांना, मधलं अंतर एका ताटाचं. पुढे मूलबाळ झालं असतं तर ते मध्ये बसलं असतं, आईंची सुटका झाली असती. नाही झालं.

आणि आई नुसता निरोप सांगायच्या थोड्याच! मधल्या मध्ये कातरकाम चालायचं. तो म्हणायचा, भाजी खारट झालीय. त्या माझ्याकडे वळून म्हणायच्या, आवडली म्हणतोय, पण उद्या मीठ जरा हात आखडून घाल. मी म्हणायचे, उशीर होणार असेल तर कळवायला यांचं काय जातं. त्या त्याला म्हणायच्या, ती तुझ्यासाठी जेवायची थांबते रे. थांबते कसली, मी तर तोवर जेवून भांडी घासून मोकळी झालेली असायचे. पण तो दुसऱ्या दिवसापासून खरंच लवकर यायला लागला. मग मलाही थांबावं लागलं. अशा लबाड्या करून करून त्या बाईनं आमचा संसार लावून दिला.

शेवटी शेवटी त्यांची वाचा गेली तरी आमचं चालूच. चादर बदलताना पलंगाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. आई, हिला म्हणावं तिकडून धर. आई, यांना सांगा, पाय आधी उचला. आई आपल्या छताकडे बघत पडलेल्या. आम्हाला त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही, शप्पथ. उलट त्या काळात आम्ही जेवढं बोललो तेवढं आधी कधी बोललो नसू. आता त्या नाहीत. मध्यंतरी एकदा जेवताना तो 'आई' असं म्हणाला आणि थांबला. मी ताटाकडे बघत राहिले. मग त्यानं उठून स्वतःच पाणी घेतलं.

उरला होता तुझा फोन. संध्याकाळी, तुझी तिकडची जेवणाची सुट्टी झाली की तू लावायचीस. रेंजसाठी त्याला बाहेर यावंच लागायचं. फोन यायच्या बराच आधी तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून माझ्या मशीनशेजारच्या खुर्चीत येऊन बसायचा, कारण फळीखाली सगळ्यात छान येतं. मशीनची खडखड नको म्हणून मी हाताची कामं त्या वेळेसाठी राखून ठेवायचे, तुरपाई, बटणं, हुक. तुला चित्राच्या कडेला माझं नुसतं कोपर दिसायचं आणि तू म्हणायचीस, वहिनीचं कोपर आज खुशीत दिसतंय. मग तो तुला सगळं सांगायचा. त्याचा गुडघा दुखतो, हे मला तेव्हा कळलं. झोप नीट लागत नाही, हे कळलं. डेपोतला जुना सोबती बाजारात भेटला आणि त्याला ओळखता आलं नाही, हे कळलं. आईंचा स्वेटर कुणाला द्यायचा तर देऊ दे, पण मला विचारून, हेही त्यानं तुलाच सांगितलं आणि मी इकडे मान हलवली. कधी मीही सुईवरची नजर न काढता म्हणायचे, वन्सं, यांच्या गुडघ्याला मलम लावायला सांग. तो म्हणायचा, हिला सांग, लावलंय. आमचा संसार तेवढ्या वेळात चालायचा, बाई. तुला कळत तरी होतं का? मलाही नव्हतं कळत, तो वेळ जाईपर्यंत.

मग तुझं खोकं आलं. तुझ्या दादाचं तर तुला माहीतच आहे. ब्लेडनं टेप अलगद काढली, पुठ्ठा, पिशवी, आतला कागद, सगळं घडी घालून ठेवलं, जसं काही परत करायचंय. आत साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, मागे प्लगच्या पिना, पुढे बारीक दिवे. आणि माहितीपत्रकावरची अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग निघालेली. तो म्हणे, मला येतं, वाचायला काय लागतं. हे तो डबीला म्हणाला.

रविवारी सकाळी अंघोळ-बिंघोळ आटोपून तो कामाला लागला. आता गंमत बघ. त्यानं ती डबी थेट नेऊन मागच्या खोलीत लावली. का, तर रेंज तिथं नाही, मग यंत्र तिथंच लावायचं. मला विचारशील तर मलाही ते पटलं होतं. अंधार असतो त्याच खोलीत दिवा लावतात ना? मग म्हणे, राउटरवरचं बटण दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत डबीवरचं दाबायचं, म्हणजे दोघांची ओळख होते. तो बाहेर येऊन दाबायचा, गुडघा धरत आत जायचा, तिकडचं दाबायचा, की लाल दिवा. परत बाहेर, परत आत, परत लाल. मी मशीनवर मान खाली घालून बसलेली. काही खेपांनंतर तो धापा टाकत माझ्यापाशी येऊन उभा राहिला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सांगायला मध्ये कुणीच नव्हतं. शेवटी मशीनच्या चाकाकडे बघत म्हणाला, मी ओरडलो की इथलं दाब.

बस, एवढंच. पण ते तो मला म्हणाला होता, वन्सं.

मी स्टुलावर चढले. आतून आवाज आला, दाब! मी दाबलं आणि ओरडले, दाबलं! आतून, लाल! मी म्हटलं, अहो, लुकलुकतंय अजून, जरा दम धरा! परत दाब, परत दाबलं, परत लाल. शेजारच्या बाई दार किलकिलं करून बघून गेल्या, इतके दिवस या घरातून आवाज म्हणून आला नव्हता. मग मी उतरले, ते पत्रक खिडकीत नेलं, सुईत दोरा ओवायचा चष्मा चढवला आणि वाचलं. साफ लिहिलं होतं, राउटरची रेंज जिथं पोचते अशाच जागी लावा. म्हणजे घराच्या मध्ये कुठंतरी. त्यालाच काही मिळालं नाही तर ते पुढे काय पाठवणार, कपाळ? मला हसू आलं. मी पॅसेजपर्यंत गेले आणि म्हटलं, अहो, ते मध्ये लावायचंय. त्यानं आतून विचारलं, मध्ये म्हणजे कुठं? मी म्हटलं, बाथरूमच्या अलीकडे, तो प्लग आहे ना, तिथं.

तो प्लग तुझ्या लक्षात नसेल. आईंना पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी होती, तिचा पंप तिथं लावलेला असायचा, नळी दाराखालून आत. दिवसरात्र घूं घूं चालायची. आईंबरोबर तीही थांबली, आणि प्लग तेव्हापासून रिकामाच होता. तो डबी घेऊन बाहेर आला, आणि आम्ही दोघं जरा वेळ त्या प्लगकडे बघत उभे राहिलो. मग त्यानं डबी खोचली, मी परत स्टुलावर चढले, दाब, दाबलं, आणि तो ओरडला, हिरवा! मी म्हटलं, बघा नीट, हिरवाच का? तो म्हणाला, अगं, हिरवाच! आणि हसत हसत बाहेरच्या खोलीत आला, कपाळाला धूळ लागलेली. आई गेल्यापासून मी त्याचे दात बघितले नव्हते. मला वाटलं, दोघांचा चहा टाकावा आणि इथंच बसून प्यावा. काहीतरी वाटलं, ते कित्येक दिवसांत पहिल्यांदा, म्हणून तुला सांगतेय.

चहा घेऊन आले तर बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. तो मागे पलंगावर बसून मोबाइलमध्ये वायफायचं नवीन नाव शोधत होता. आपल्या जुन्याच नावाला शेपूट जोडून एक दुसरं नाव येतं, ते निवडायचं असतं. मिळालं, आणि त्यानं लगेच तुला फोन लावला. तुझ्याकडे भली पहाट असणार, पण तू उठलीस. त्यानं तुला आईंची खोली दाखवली, पलंग, खिडकी, भिंतीवरचा त्यांचा आरसा. तू रडलीस ते मला पॅसेजमध्ये ऐकू आलं. तोही रडला. मी कप स्टुलावर ठेवला. वाजवला नाही.

त्या दिवसापासून तो तुझा फोन आतच घेतो. बाहेर येईल कशाला? दार लोटलेलं असतं. मला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. मध्येच तो हसतो. गुडघा कसा आहे कोण जाणे. हाताची कामं मी अजून त्या वेळेला काढून ठेवते, मग लक्षात येतं की आता मशीन चालवली तरी कुणाला त्रास नाही, आणि चालवते. शिवण सरळ येते. जेवायला तो येतो, जेवतो, ताट उचलून ठेवतो, जातो. मी प्रयत्नच केला नाही असं समजू नकोस. एकदा मनाशी ठरवून बसले, आज आपणच विचारायचं, गुडघा कसा आहे. तोंडात घास होता तो संपला. दुसरा घेतला, तोही संपला. जन्मात कधी विचारलं नाही ते साठीला येऊन एकदम कसं विचारणार, तूच सांग. मला त्याचा राग नाही. मला कशाचंच काही वाटत नाही, आणि त्याचीच आता भीती वाटायला लागलीय. असंच चाललं तर आम्ही दोघं दोन खोल्यांत नीटनेटके म्हातारे होऊ. चहा वेळेवर मिळेल, भांडण होणार नाही, आणि एक दिवस एक जण कप वाजवेल आणि दुसरं तो घ्यायला येणार नाही.

परवा मी एक केलं. तुमचं बोलणं चालू असताना पॅसेजमध्ये गेले आणि ती डबी अर्धी उपसली. आतून तुझा आवाज आला. तू आईंची नक्कल करत होतीस, वाळलास रे, म्हणून, आणि तो खो खो हसत होता. मी डबी परत दाबून बसवली. तू किती जीव लावून पाठवलेली वस्तू, ती मी कुठल्या तोंडानं काढू? आणि काढली तरी तो दोन मिनिटांत परत लावेल, बंद पडलेली गाडी त्याला बघवत नाही. तू मात्र मनाला लावून घेऊ नकोस, लागलीच रडायला बसशील. तू काही चुकीचं केलं नाहीस. त्या खोलीत तुझा आवाज पोचायलाच हवा होता. जरा उशिरा पोचला, एवढंच.

आता ज्यासाठी लिहिलं ते सांगते. हे पत्र मिळालं की नेहमीच्या वेळी फोन कर. त्याचा चेहरा स्वच्छ दिसेल, आवाज खणखणीत येईल, तरी तू म्हण, दादा, ऐकू येत नाहीये. तो हॅलो हॅलो करेल, उठून पॅसेजमध्ये येईल, सगळं तपासेल, इकडे सगळं बरोबर आहे म्हणेल. तू हट्ट सोडू नकोस. म्हण, तुटतंय रे, बाहेरच्या खोलीत जा. तो येईल. तुझ्यासाठी तो जिन्यातसुद्धा जाऊन उभा राहील. माझ्या शेजारी खुर्चीत येऊन बसला, की फोन ठेवून दे. मध्येच, त्याचं वाक्य अर्धं असताना. त्यानं परत लावला तर उचलू नकोस, आणि दुसऱ्या दिवशी काय झालं म्हणून कुणालाच विचारू नकोस. या खेपेला तू मध्ये नको. तो जरा वेळ हातातल्या मोबाइलकडे बघत बसेल. मग म्हणेल, कट झाला वाटतं. आणि ते म्हणायला त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नसेल.

तुझीच, अजून याच घरात असलेली,
वहिनी